मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन : मुंबईतल्या एका बाललस-चाचणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या, टेकडीच्या उतारावर वसलेल्या एका वस्तीतलं आहे. कोविडची साथ ओसरल्यानंतरचा काळ. कुटुंबं, डॉक्टर, रुग्णालय, कंपनी यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण निर्णय जसे झाले तसेच मांडले आहेत. लहान मुलांवरच्या या लस-चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या रुग्णालयाच्या समितीवर, मी बाहेरची सदस्य होते. माझं रोजचं काम अशाच वस्त्यांमध्ये बायकांच्या गटांबरोबर चालतं, म्हणून मला तिथे घेतलं होतं.

वस्तीत पाणी पहाटे येतं, तेही थोडाच वेळ. पिंपं भरून ठेवायची आणि दिवसभर पुरवायची. घराघरांत गेलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या गटाराच्या कडेनं, काही ठिकाणी गटारातूनच जातात. पाऊस सुरू झाला की जुलाब, कावीळ आणि टायफॉईड आलेच. टायफॉईडची चांगली लस बाजारात होती आणि खासगी बालरोगतज्ज्ञ ती सर्रास देत होते. सरकारी मोफत लसीकरणात मात्र ती त्या वेळी नव्हती. घरकाम करणाऱ्या बाईला दोन मुलांना ती विकत घेऊन टोचायची म्हणजे महिन्याचा हिशेब कोलमडणार. खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिकेनं २०१८मध्ये मोहीम काढून ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना हीच लस मोफत टोचली होती. खाडीच्या अलीकडे तसं काही झालं नव्हतं.

चाचणी होती टायफॉईडच्याच एका नव्या लसीची. प्रौढांवर आणि मोठ्या मुलांवर तिची आधी तपासणी झालेली होती. आता ९ महिने ते ५ वर्षांची मुलं घ्यायची होती. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, तीन गट होते : पहिल्याला नवी लस, दुसऱ्याला बाजारातली मान्यताप्राप्त लस आणि तिसऱ्या, सर्वांत कमी मुलांच्या गटाला प्लासिबो, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी. प्रत्येक मुलाला एकच डोस. कोणाला काय मिळालं हे आईला कळणार नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही; ते सांगणारा कोड बंद पाकिटात राहणार. काही लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, त्या गढूळ दिसतात आणि शेजारी मिठाचं पाणी ठेवलं की फरक लगेच ओळखू येतो. इथे दोन्ही लसी पाण्यासारख्याच स्वच्छ होत्या, त्यामुळे ती अडचण नव्हती.

अडचण

कमिटीपुढे कागद आले तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला : चांगली लस असताना एखाद्या मुलाला नुसतं पाणी का टोचायचं?

मुख्य संशोधकांनी दिलेलं उत्तर मी मान्य केलं, आजही करते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला ताप, सर्दी, जुलाब होतच असतात. लस टोचल्यावर दुसऱ्या दिवशी आलेला ताप लसीचा, की येणारच होता तो? नवी आणि जुनी लस एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि दोन्हींत सारखाच ताप दिसला, तर त्यातला किती ताप लसींचा हे कळायला मार्ग नाही. फिनलंडमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेला जुळ्यांचा अभ्यास यावर फार बोलका आहे. गोवर, गालगुंड, रुबेलाची लस आणि प्लासिबो ही दोन्ही इंजेक्शनं ५८१ जुळ्या जोड्यांना तीन आठवड्यांच्या अंतरानं दिली गेली. एका भावंडाला आधी लस, दुसऱ्याला आधी प्लासिबो. आयांनी सांगितलेल्या तक्रारी भरपूर होत्या, पण लसीमुळेच झाल्या असं म्हणता येईल अशा प्रतिक्रिया निघाल्या अवघ्या ०.५ ते ४ टक्के. सर्दी-खोकल्यासारख्या काही तक्रारी तर प्लासिबोनंतरच जास्त होत्या.

खरी अडचण प्रोटोकॉलच्या एका वाक्यात होती. तिसऱ्या गटातल्या मुलांना मान्यताप्राप्त लस ‘अभ्यास पूर्ण झाल्यानंतर’ दिली जाईल, असं त्यात लिहिलं होतं. अभ्यास कधी पूर्ण होणार? सहा महिन्यांनी? की वर्षानं? मधला अख्खा पावसाळा ती मुलं त्याच पिंपातलं पाणी पिणार होती. शिवाय आई समजणार की पोराला लस मिळाली आहे, म्हणजे पाणी उकळण्यात, ताप आल्यावर धावपळ करण्यात ढिलाई येण्याचीही शक्यता होती. या दुसऱ्या धोक्याचा प्रोटोकॉलमध्ये उल्लेखच नव्हता.

समोरचे पर्याय

यावर दोन बैठका झाल्या. पहिला पर्याय होता तिसरा गट काढूनच टाकण्याचा. कमिटीतले वकील याच बाजूचे होते. जिथे सिद्ध उपचार आहे तिथे त्याच्याशीच तुलना करा, अपवाद फार थोडे असावेत, हे वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातलं तत्त्व त्यांनी वाचून दाखवलं.

दुसरा पर्याय होता पाण्याऐवजी एखादी वेगळी, उपयोगी लस देण्याचा. कोलकात्यात २००४मध्ये टायफॉईडच्या जुन्या प्रकारच्या लसीची मोठी चाचणी झाली, तेव्हा तुलनेच्या गटाला हिपॅटायटिस-एची लस दिली होती. आफ्रिकेतल्या मलेरिया लसीच्या चाचणीतही तुलनेच्या गटातल्या जरा मोठ्या बाळांना रेबीजची लस होती. या मार्गानं कुठलंच मूल रिकाम्या हातानं घरी जात नाही. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. पण आमच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी त्यातली उणीव दाखवली : त्या लसीनंही मांडी दुखते, अंग कोमट होतं. म्हणजे ‘काहीच न देता मुलांना किती ताप येतो’ हा आकडा पुन्हा हाती लागत नाही. लस रोग किती रोखते हे पाहायचं असेल तर असा गट चालतो. ताप किती येतो हे पाहायचं असेल तर तो आडवा येतो.

तिसरा पर्याय होता पाणी ठेवायचं, पण मुदत घालून. एका बालरोगतज्ज्ञांनी भारतातलंच उदाहरण काढलं. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या स्वदेशी लसीची चाचणी २०११पासून दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. दोन बाळांना लस तर एकाला प्लासिबो, असं प्रमाण होतं. तेव्हाही परदेशी लसी खासगी बाजारात होत्या आणि म्हणूनच त्या प्लासिबोवर पुष्कळ टीकाही झाली. उलट बाजू अशी की त्या महाग लसी सरकारी कार्यक्रमात नव्हत्या, आणि चाचणीतून बाहेर पडलेली स्वस्त लस २०१६पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानंही २०१३च्या बैठकीत प्रभावी लस असतानाही प्लासिबो क्वचित समर्थनीय ठरतो असं म्हटलं होतं, मात्र प्रश्न त्या समाजाच्या गरजेचा हवा, दुसऱ्या पद्धतीनं सुटणारा नसावा आणि मुलांवरचा धोका मर्यादित हवा.

संख्याशास्त्रज्ञ बाईंनी एक गोष्ट निक्षून सांगितली, तीही नोंदवायला हवी. ३०० मुलांना लस देऊन एकालाही गंभीर त्रास झाला नाही, तरी शंभरात एकाला तो होऊ शकतो ही शक्यता शिल्लक राहते. अमेरिकेत १९९८मध्ये मान्यता मिळालेली रोटाव्हायरसची पहिली लस पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. तिच्यामुळे साधारण १० हजारांत एका बाळाला आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होत होता, आणि मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांमधून तेवढा दुर्मीळ त्रास ठामपणे सिद्ध झाला नव्हता. पुढच्या लसींसाठी ६०-७० हजार बाळांच्या प्लासिबो-चाचण्या कराव्या लागल्या त्या यामुळे. आमची चाचणी त्यामानानं चिमुकली. ताप, सूज, चिडचिड एवढंच ती सांगू शकणार होती. ‘लस पूर्ण सुरक्षित आहे की नाही ते यातून कळेल’ हे माहितीपत्रकातलं वाक्य आम्ही काढायला लावलं.

पहिला निर्णय

तिसरा पर्याय बहुमतानं स्वीकारला गेला. अटी तीन : कोडबंद काळ प्रत्येक मुलासाठी ४२ दिवसांचा, ४२व्या दिवशी त्या मुलाचं पाकीट उघडायचं, आणि पाणी मिळालेल्या मुलाला लगेच मान्यताप्राप्त लस मोफत. नोंदणी फेब्रुवारीत सुरू होणार होती, म्हणजे पावसाआधी सगळं आटोपेल असा आमचा हिशेब. तो हिशेब आम्ही तोंडी केला. अटीत लिहिलं फक्त ‘४२ दिवस’. या एका चुकीचा भुर्दंड पुढे भरावा लागला.

संमती घेतानाचं चित्रीकरण व्हावं आणि त्यातली काही कमिटीनं पाहावीत, असाही आग्रह मी धरला. तो अनाठायी वाटल्याचं एक-दोघांनी बोलून दाखवलं. पण २००९-१०मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये झालेल्या, गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीनं सह्या केल्याचं उघड झालं होतं, त्याची आठवण माझ्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्यांच्या मनातून जात नाही.

पहिली पाच चित्रीकरणं पाहिली आणि पोटात गोळा आला. मराठी संमतीपत्रात ‘प्लासिबो (सलाईन)’ असं छापलं होतं. आपल्याकडे सलाईन म्हणजे अशक्तपणा आला की लावतात ती बाटली! एक आई खुश होऊन विचारत होती, “म्हणजे ताकदीचं पण देणार का?” आरोग्य सेविका घाईत होती, ती म्हणाली, “हो, काहींना हलकी लस.” हलकी लस म्हणजे खासगी दवाखान्यात जास्त पैसे घेऊन देतात ती न दुखणारी, असा बायकांचा समज. थोडक्यात, तिसरा गट हा सगळ्यांत भाग्यवान गट ठरला होता.

नोंदणी थांबवली. वस्तीतल्या आठ-दहा बायकांना बसवून वाक्य पुन्हा लिहिलं : “तीनपैकी एका गटातल्या मुलांना लस नसलेलं, नुसतं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन मिळेल. त्यानं टायफॉईडपासून रक्षण होणार नाही. तुमचं मूल कोणत्या गटात आहे हे ४२ दिवस कोणालाही कळणार नाही, म्हणून लस मिळालीच नाही असं धरून पाणी उकळूनच द्या.” त्यांतली एक बाई वाचून म्हणाली, “टोचणार, रडवणार आणि देणार काहीच नाही? हे असं सरळ लिहिलंत ते बरं केलंत ताई.” आधी सह्या केलेल्या सगळ्या आयांना परत बोलावून नव्यानं समजावलं. काहींनी नाव मागे घेतलं. त्यांना पुढे कुठल्याही उपचारात अडचण येणार नाही, हे लेखी दिलं.

तापाचा झटका आणि दुसरा निर्णय

या सगळ्यात आणि मंजुरीच्या कागदांत वेळ गेला, नोंदणी एप्रिलवर गेली. एप्रिलच्या मध्यावर चौदा महिन्यांच्या एका मुलाला इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. आई त्याला कडेवर घेऊन उतारावरून धावत रिक्षापर्यंत आली. रुग्णालयात पोचेपर्यंत झटका थांबला होता. एक दिवस देखरेखीखाली ठेवून त्याला घरी सोडलं.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना कधी ना कधी तापाचा झटका येतो आणि बहुतेकदा तो मागे काही ठेवून जात नाही. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. आईला ठाऊक असतं ते एवढंच, की परवा टोचलं आणि आज पोर हातातून चाललं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी तीन आया नोंदणी रद्द करायला आल्या.

नियमाप्रमाणे गंभीर घटनेची माहिती २४ तासांत औषध नियंत्रकांना, कंपनीला आणि आम्हाला गेली. तातडीची बैठक बसली. आईची मागणी एकच होती : “माझ्या पोराला काय टोचलंत ते सांगा.”

कोड फोडायचा तो उपचार त्यावर अवलंबून असेल तर. इथे उपचार तोच राहणार होता, लस असो वा पाणी. डोस एकच असल्यामुळे पुढचा डोस द्यायचा की नाही हाही प्रश्न नव्हता. मुख्य संशोधक म्हणाले, आज हिला सांगितलं तर उद्या ताप आलेल्या प्रत्येक मुलाचं सांगावं लागेल, आणि ज्यासाठी पाण्याचा गट ठेवला तेच मातीत जाईल. वकील म्हणाले, मूल तिचं आहे, चाचणी तुमची. दोघांचंही मला पटत होतं, आणि त्या दिवशी मी बराच वेळ गप्प होते.

शेवटी ठरलं ते असं. सुरक्षितता पाहणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ मंडळानं कोड पाहावा, चाचणी पुढे चालू ठेवणं योग्य आहे का ते दोन दिवसांत कळवावं, तोवर नवी नोंदणी बंद. आईला कोड सांगायचा नाही, पण बाकी काहीही लपवायचं नाही. तिला बाहेर पडायचं असेल तर पडता येईल, मुलाची तपासणी आणि उपचार तरीही चालू राहतील.

मंडळाचा निरोप आला : चालू ठेवायला हरकत नाही. मी आणि तरुण बालरोगतज्ज्ञ बाई तिच्या घरी गेलो. घरात सासू, नणंद, शेजारच्या चार बायका. डॉक्टर बाईंनी जुळ्यांच्या अभ्यासाची गोष्ट सोपी करून सांगितली. पाणी टोचलेल्या मुलांनाही ताप येतो, तो मोजला नाही तर लसीचा ताप कधीच कळणार नाही, हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बरोबर आहे, टोचलं नसतं तरी दाताचा ताप येतोच.” आई मात्र आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. निघताना ती म्हणाली, “थांबते मी. पण तारीख सांगा. ‘नंतर सांगू’ म्हणू नका.” डॉक्टर बाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर ४२व्या दिवसाला गोल केला.

निष्पत्ती

त्या दिवशी पाकीट उघडलं. मुलाला मिठाचं पाणीच मिळालं होतं. ताप कुठल्यातरी विषाणूचा असावा, कारण ताप उतरल्यावर त्याच्या अंगावर पुरळ आलं होतं. मला वाटलं होतं आईला हायसं वाटेल. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग टायफॉईडची लस त्याला अजून मिळालेलीच नाही ना? ती आज देताय ना?”

ती त्या दिवशी देता आली नाही. मान्यताप्राप्त लसीचा साठा कंपनीकडून वेळेवर आला नव्हता. तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला, तोवर पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. उशिरा नोंदवलेल्या मुलांची लस तर जुलैवर गेली. ‘४२ दिवस’ ही अट पाण्याच्या गटातल्या बहुतेकांच्या बाबतीत मोडली. पावसाआधी लस हा आमचा मूळ हेतू तर सगळ्यांच्याच बाबतीत मोडला, आणि तो कुठे लिहिलेलाच नसल्यामुळे तो मोडल्याची नोंदही कुठे झाली नसती.

या वाट पाहणाऱ्या मुलांत तीन वर्षांची एक मुलगी होती. जूनमध्ये तिला आठ दिवस ताप आला. वस्तीतल्या डॉक्टरांनी विडाल ही रक्ताची तपासणी करून टायफॉईड सांगितला आणि प्रतिजैविक सुरू केलं. आमच्याकडे आली तेव्हा रक्ताचं कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहिले, त्यात काही उगवलं नाही. विडालवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. औषध आधीच पोटात गेलं असेल तर कल्चरही फसवू शकतं. तो टायफॉईड होता की नव्हता, हे ठरलंच नाही. मुलगी बरी झाली. पण वेळेवर लस मिळाली असती तर हा प्रश्न तिच्या बाबतीत इतका टोचला नसता. नेहमीचं संरक्षण उपलब्ध असून ते मिळालं नाही आणि त्यातून इजा झाली, तर भरपाईची तरतूद औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत आहे. कारण सिद्ध होत नाही म्हणून कंपनीनं हात झटकू नयेत, असं आम्ही लेखी कळवलं. उपचाराचा सगळा खर्च आणि वडिलांची बुडालेली मजुरी मिळाली, ती दोन स्मरणपत्रांनंतर.

चाचणीनं आपला प्रश्न सोडवला. पाण्याच्या गटातही ताप आला, लसींच्या गटांत तो थोडा जास्त आला, आणि तो ‘थोडा’ किती हे कळलं. त्या गटाशिवाय ते कळलं नसतं, असं मी आजही ठामपणे म्हणेन.

आज वेगळं काय करीन

सगळ्यात आधी, नोंदणी बंद करण्याची तारीख ठरवीन. पावसाआधी लस द्यायची असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पाण्याच्या गटात एकही मूल घ्यायचं नाही. उशीर झाला तर चाचणी दिवाळीनंतर. कंपनीचं एक वर्ष गेलं तरी चालेल.

दुसरं, पाण्याच्या गटातल्या मुलांसाठी लागणारी लस पहिलं मूल नोंदवण्याआधी रुग्णालयाच्या शीतपेटीत आलेली हवी. येईल असं पत्र पुरेसं नाही. मोजलेल्या कुप्या दिसल्या पाहिजेत.

आणि ती आई. तिला कोड न सांगण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन असं वाटतं, तरी पूर्ण खात्री नाही. खात्री याची आहे, की झटक्याची शक्यता, तो कसा दिसतो, तेव्हा मुलाला कुशीवर कसं झोपवायचं हे संमतीच्या वेळीच दाखवायला हवं होतं. आम्ही तिला विमा, भरपाई, गोपनीयता सगळं समजावलं होतं. पोराचे डोळे फिरले तर काय करायचं, हे राहून गेलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका लसीचा प्रोटोकॉल कमिटीकडे आला. त्यातही पाण्याचा गट होता आणि ‘अभ्यास पूर्ण झाल्यानंतर’ हेच शब्द होते. ते खोडून आम्ही तिथे एक रिकामा चौकोन छापायला लावला. सही घेण्याआधी त्यात दिवस, महिना, वर्ष पेनानं भरायचं, आणि त्याची एक प्रत आईकडे राहील.